उठबस

मागच्या खेपेला लिंबाच्या लोणच्याचं उरलेलं पुढच्या अंकात सांगेन असं मी कबूल केलं होतं. पण लोणचं काही पळून जात नाही, बरणीत आणखी आठवडाभर मुरलं तर बरंच. आज जरा वेगळंच सांगायचं आहे, आणि ते सांगताना माझी थोडी फजितीही सांगावी लागणार आहे.

गेल्या चैत्रातली गोष्ट. पलीकडच्या आळीत हळदीकुंकू होतं, म्हणून मी आणि सासूबाई गेलो होतो. नवा ब्लॉक, नवा सोफा, आणि सोफा असा की बसलं की माणूस आत रुतावं. डाळ झाली, पन्हं झालं, ओट्या भरून झाल्या. 'निघू या आई' म्हणून मी उभी राहिले आणि वळून बघते तो सासूबाई अजून बसलेल्याच. त्यांनी एकदा हात टेकून पाहिले, दुसऱ्यांदा पुढे झुकून पाहिलं, पण अंग काही उचलेना. शेवटी दोघीजणींनी दोन बाजूंनी धरून त्यांना ओढून उभं केलं. कुणीतरी हसलं, वाईट मनाने नव्हे, पण हसलं. सासूबाईही हसल्या. घरी येईपर्यंत मात्र एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी भजनी मंडळ सोडलं. 'गर्दी सोसवत नाही' म्हणाल्या. मग लग्नकार्यांना नाही म्हणायला लागल्या. देवळात जायच्या, पण आतल्या सभामंडपात बसायच्या नाहीत, बाहेरच्या कट्ट्यावर टेकायच्या. मला वाटलं, वय झालं, एकाहत्तरावं लागलं, विरक्ती यायचीच. खरं सांगते, थोडं बरंही वाटलं, की चला, आता घरात शांत बसून असतात.

वजन म्हणाल तर अडुसष्ट किलो. येणारा-जाणारा म्हणायचा, 'तब्येत छान ठेवलीय हो सुनेने!' साखर ताब्यात, रक्तदाब गोळीने बरा. गेल्या वैशाखात गुडघ्यासाठी डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा त्यांनी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. पंचविशीतली पोर, पण मोठी हुशार. तिने गुडघ्याला हात लावायच्या आधी टेबलाखालून स्टीलचं, मुठीत मावेल असं एक यंत्र काढलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. 'आजी, कोपर असं काटकोनात ठेवा आणि जीव खाऊन दाबा.' दोन्ही हातांनी तीन-तीनदा दाबून घेतलं आणि सगळ्यांत जास्त भरलेला आकडा कागदावर लिहिला. चौदा किलो.

ह्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात. मुठीच्या दाबावरून अंगातल्या एकूण ताकदीचा अंदाज येतो. आपण नाही का, शितावरून भाताची परीक्षा करत, तसंच हे. आशियातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०१९ साली ठरवलेल्या मापाप्रमाणे बायकांची मूठ अठरा किलोच्या खाली भरली तर ती अशक्त समजतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी हीच रेघ सोळा किलोवर ओढली आहे. म्हणजे सासूबाई दोन्हीकडच्या मापात नापास.

मूठ दाबून काय कळणार, असं मलाही वाटलं होतं. पण २०१५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. आपल्या देशासकट सतरा देशांतल्या जवळजवळ एक लाख चाळीस हजार माणसांच्या मुठी त्यात मोजल्या होत्या. मुठीची ताकद दर पाच किलोंनी कमी, तसा मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यावरून जेवढा अंदाज बांधता येतो, त्याहून मुठीवरून चांगला बांधता आला. रक्तदाब आपण महिन्या-महिन्याला मोजून घेतो. मूठ कुणी मोजली होती?

मग तिने खुर्ची मांडली. 'आजी, हात छातीवर असे फुली करून ठेवा. मी चालू म्हटलं की पूर्ण उभ्या राहायचं, पूर्ण बसायचं, पुन्हा उभं राहायचं. अर्धं मिनिट. किती वेळा होतं ते मी मोजते.' सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा उठल्या, दुसऱ्यांदा उठल्या, तिसऱ्यांदा श्वास लागला. तीस सेकंदांत पाच झाल्या.

ती मुलगी लिहिता लिहिता सहज म्हणाली, 'आजी, घरी काय काय कामं करता?'

आणि सासूबाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, 'अगं, माझी सून मला इकडची काडी तिकडे करू देत नाही. माझी सगळी उठबस तीच करते.'

त्या मुलीचं पेन थांबलं. ती काही बोलली नाही, पण माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

बायांनो, लग्न होऊन आले तेव्हा ह्याच बाई पाट्यावर वाटण वाटायच्या. खाली बसून भाजी निवडायच्या, दोन्ही वेळची अंथरुणं घालायच्या-काढायच्या, अंगणातलं झाडायच्या, माळ्यावरचा डबा स्टुलावर चढून काढायच्या. मग मी एकेक काम त्यांच्या हातातून घेत गेले. कधी मायेने, कधी घाईने, आणि कधी, हेही सांगते, त्यांच्या हाताने उशीर होतो म्हणून. शाळेची वेळ साडेअकराची, कुणाच्या निवांतपणाने चालायचं कसं? 'आई, तुम्ही बसा, मी करते' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन कोण जाणे. पाट गेले, टेबल आलं. मोरीतलं जुनं पायखान्याचं भांडं जाऊन कमोड आला. भाजी निवडायची खुर्चीत बसून, तीही मीच द्यायची नाही. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा जे जमिनीवरून उठणं-बसणं होतं ते पाच-सहावर आलं. त्यांची उठबस मी करत गेले आणि त्यांची स्वतःची उठबस बंद झाली.

त्या मुलीने मग समजावून सांगितलं. वय वाढतं तसं स्नायू झिजतात, आणि त्यांची ताकद त्याहूनही वेगाने उतरते. ह्या झिजेला डॉक्टर लोक सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुचवलं. ग्रीक भाषेत मांसाची उणीव असा त्याचा अर्थ. गंमत अशी, की वजनकाटा हे दाखवत नाही. मांस जातं तिथे चरबी बसते, काटा तिथल्या तिथे राहतो, आणि शेजारीण म्हणते तब्येत छान आहे.

आता घरी हे मोजायचं कसं ते सांगते, कारण मुठीचं यंत्र काही प्रत्येकीकडे असणार नाही आणि त्याची गरजही नाही.

खुर्ची घ्या सरळ पाठीची, शक्यतो हात नसलेली. शिवणाच्या टेपने जमिनीपासून बैठकीची उंची मोजा, ती सतरा इंच, म्हणजे त्रेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास हवी. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या शेहेचाळीस भरल्या, आणि उंच खुर्चीवरून उठणं सोपं जातं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पहिल्या वेळी घरी सहा भरल्या म्हणून मी खूष झाले होते! खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर प्लास्टिकची हलकी खुर्ची मागे सरकते आणि भलतंच व्हायचं. पायांत घट्ट बसणाऱ्या चपला किंवा अनवाणी. निऱ्या वर खोचून घ्या. तुम्ही बाजूला उभ्या राहा, समोर नको. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतं ऑपरेशन किंवा हाड मोडलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. मध्येच दम लागला तर थांबवा.

तीस सेकंदांत पूर्ण उभं राहणं किती वेळा झालं ते मोजायचं. वेळ संपताना निम्म्याच्या वर उठलेल्या असतील तर तोही एक धरायचा. हाताने रेटून उठल्या तर मात्र शून्य. ही परीक्षा कॅलिफोर्नियातल्या रॉबर्टा रिकली आणि जेसी जोन्स ह्या दोघींनी तयार केली, १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने बायकांसाठी जे आकडे दिले आहेत ते असे: साठ ते चौसष्ट वयात बाराच्या खाली, पासष्ट ते एकोणसत्तरमध्ये अकराच्या खाली, सत्तर ते एकोणऐंशीत दहाच्या खाली, ऐंशी ते चौऱ्याऐंशीत नऊच्या खाली आणि त्यापुढे नव्वदीच्या आत आठच्या खाली भरलं तर पायांतलं बळ कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त आहे असं समजायचं. हे आकडे तिकडच्या बायकांचे आहेत. आपल्या आज्या बुटक्या, त्यांना तीच खुर्ची उंच पडते. तेव्हा आकड्यावरून कुणाला नापास करायचं नाही. खरं मोल आहे ते महिन्या-दोन महिन्यांनी तेच माप पुन्हा घेण्यात, तीच खुर्ची, तीच वेळ. मी एकदा एकादशीला, देवळातल्या रांगेतून दोन तास उभ्या राहून आल्यावर त्यांचं माप घेतलं आणि आकडा घसरला म्हणून उगाच घाबरले.

दुसरी परीक्षा चालण्याची. खुर्चीपासून तीन मीटरवर जमिनीवर खडूची रेघ मारा. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी लागत असेल तर काठी घ्यायची. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर सांभाळायला हवं. सासूबाईंना सोळा लागले, आणि त्यातला निम्मा वेळ वळण्यात गेला.

तिसरी तोल बघायची, ती स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी करा, म्हणजे धरायला आधार आहे. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटं लावून, दोरीवर उभं राहावं तसं, दहा सेकंद उभं राहता येतं का? नाही आलं तर तेही पडण्याचंच लक्षण.

हे सगळं घेऊन आम्ही घरी आलो आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. त्या मुलीने दिलेला व्यायाम अगदी साधा होता. खुर्चीतून उठणं-बसणं दिवसातून तीनदा, सुरुवातीला पाच-पाच वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणं. आणि, तिच्या शब्दांत, 'काकू, आजींना त्यांची कामं परत द्या.'

द्या म्हणणं सोपं. मी अंथरुणं काढायचं त्यांच्याकडे दिलं, अंगणातल्या कुंड्यांना लहान तांब्याने पाणी घालायचं त्यांच्याकडे दिलं, डाळी-तांदळाचे डबे वरच्या फळीवरून काढून खालच्या फळीवर ठेवले, म्हणजे वाकून घ्यावे लागतील. चार दिवसांत समोरच्या बाईंनी विचारलं, 'काय हो, कामवाली सोडली का?' आठव्या दिवशी पुण्याहून माझ्या मोठ्या नणंदबाईंचा फोन. 'अगं, आईला उठाबशा काढायला लावतेस म्हणे? शाळेतल्या पोरांसारख्या?' मी एवढी चिडले की उत्तरच सुचेना. दहा वर्षं सेवा केली तेव्हा कुणी फोन केला नाही! ह्यांना सांगितलं तर हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, 'मग राहू दे ना, कशाला आपल्यावर बोल घ्या.' सासूबाईंनी हे ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, खुर्ची स्वतः भिंतीपाशी ओढली आणि मला म्हणाल्या, 'घड्याळ घे.'

दोन महिन्यांनी, आषाढात, आठ झाल्या. राखीला नणंदबाई आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांनाच खुर्चीत बसवलं. पन्नाशीतल्या नणंदबाईंच्या बारा झाल्या आणि त्या धापा टाकत बसल्या. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, 'माझ्यापेक्षा चारच जास्त.' त्या दिवसापासून पुण्याचे फोन व्यायामाबद्दल येतात खरे, पण 'मी किती करू' हे विचारायला. माझं माप विचाराल तर ते मी सांगणार नाही, एवढंच सांगते की अडतिसाव्या वर्षी ज्या आकड्याची मला खात्री होती तो आला नाही, आणि हल्ली दुपारी शाळेतून आल्यावर मीही त्याच खुर्चीत बसते-उठते.

पण सगळं चढतंच गेलं असं नाही. भाद्रपदात सासूबाईंना ताप आला. दहा दिवस अंथरुणावर. ताप उतरल्यावर माप घेतलं तर पुन्हा पाच! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मलाही वाटलं की संपलं सगळं. फिजिओथेरपिस्ट मुलीला काही नवल वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला अंथरूण फार महाग पडतं, म्हणाली, दहा दिवसांतही स्नायू भराभरा जातात. म्हणून तापातही झेपेल तेवढं खुर्चीत बसवायचं, धरून न्हाणीघरापर्यंत चालवायचं. आम्ही काय केलं होतं? पाण्याचा पेलाही उशाशी नेऊन दिला होता.

तिनेच बोस्टनची हकिकत सांगितली. १९९० साली तिथल्या एका वृद्धांच्या संस्थेत मारिया फियाटारोन ह्या डॉक्टरीणबाईंनी सरासरी नव्वद वर्षांच्या दहा दुबळ्या माणसांना आठ आठवडे मांड्यांचा वजन उचलायचा व्यायाम दिला. नऊजणांनी तो पुरा केला, त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली, आणि दोघांची तर काठी सुटली. नव्वदीत! सासूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'त्यात बायका होत्या का?' होत्या, असं कळल्यावर त्यांचं समाधान झालं.

खाण्याकडे मात्र माझं तोवर लक्षच नव्हतं. रात्री त्यांचं जेवण म्हणजे दूधभात, सोमवारी-गुरुवारी साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत असं ठरवलं, आणि म्हातारपणाचे तज्ज्ञ एक ते सव्वा ग्रॅमच्या घरात जायला सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. आता उपासाला शेंगदाण्याची आमटी आणि दही वाढलं, रात्री भातावर घट्ट वरण किंवा मुगाचं धिरडं. अंडं मी सुचवलं होतं, पण ती चर्चा घरात पुन्हा निघणार नाही असं ठरलं आहे.

मुठीबद्दल एक राहिलं. सासूबाईंनी नातवाचा रबरी चेंडू घेऊन दिवसभर दाबायला सुरुवात केली होती, चौदाचे अठरा करायचे म्हणून. मुलगी हसली. 'आजी, चेंडूने मूठ वाढेल, पण सोफ्यावरून उठवतील त्या मांड्या.' शीत एकटंच शिजवून भात होत नाही. मूठ आज पंधरावर आहे आणि आम्ही तिची फार काळजी करत नाही. चालण्याचे सोळा सेकंद तेरावर आले आहेत. अजून बारा उतरायचे आहेत, आणि वळताना त्या अजून दोन पावलं जास्त टाकतात, म्हणून न्हाणीघरात ह्यांनी भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला. बोलले काही नाहीत. एका रविवारी ड्रिलचा आवाज आला, तेव्हा मला कळलं.

आकडे आम्ही कॅलेंडरवर लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी. दिवाळीत पुन्हा आठ. कालच्या रविवारी मी घड्याळ धरलं, सासूबाईंनी निऱ्या खोचल्या, हात छातीवर घेतले. मी 'थांबा' म्हटलं आणि चौकटीत नऊ लिहिले.

'नऊ कशाने?' त्या उभ्याच होत्या. 'तू थांबा म्हणालीस तेव्हा मी निम्म्याच्या वर होते. नियमच आहे तसा.'

'निम्म्याच्या वर नव्हता हो आई, जेमतेम निम्म्यावर होता.'

'घड्याळाकडे बघत होतीस की माझ्याकडे?'

घड्याळाकडेच बघत होते. नऊ खोडून दहा लिहिले. दुधाच्या हिशेबात आता त्या दिवशी एक लिटर जास्त दिसतंय, ते पहिल्या तारखेला भैयाला समजावून सांगावं लागेल.